यादीतलं आठवं घर

माघी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी निपाणीत आमच्या गल्लीला पक्कं कळलं होतं, की दुर्गाक्कानं येशूला सोडलं आणि ती परत यल्लम्माला गेली. पुरावा भक्कम होता. पुनवेच्या सकाळी स्टँडवर सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला निघालेल्यांची ही गर्दी, भंडाऱ्यानं पिवळी झालेली कपाळं, आणि त्या गर्दीत काखेत गाठोडं मारून उभी असलेली दुर्गाक्का. बावीस वर्षं चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलेली बाई. बघणाऱ्यानं चहाच्या गाड्यावर सांगितलं, गाड्यावरनं ते पिठाच्या गिरणीत गेलं, गिरणीतनं चर्चच्या मंडळीतल्या बायकांच्या व्हॉट्सॲपवर गेलं, आणि तिथं हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

बातमी साफ खोटी होती. दुर्गाक्का बसली होती ती बरोबर उलट्या दिशेच्या गाडीत. कोगनोळीला, थोरल्या बहिणीकडं, एक मोठं पातेलं मागून आणायला. आणि स्टँडवर तिला बघून चहाच्या गाड्यावर सांगणारा माणूस होतो मी.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे अर्ज मी कानडीत आणि मराठीत लिहून देतो, आणि अर्ज लिहिता लिहिता गावाच्या खबरा गोळा करतो. दुर्गाक्काचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. ती तंबाखूच्या वखारीत कामाला. पाल्यातल्या काड्या वेचायच्या, चाळायचं, पोती भरायची, तीस वर्षं हेच. संध्याकाळी घरी येऊन तिनं पदर झटकला की आमच्या घरात कुणीतरी शिंकतंच. मग माझी बायको स्वरूपा भिंतीवर थाप मारून विचारते, "आक्का, सहा वाजलं काय?" पलीकडनं उत्तर येतं, "वाजलं. तुझ्या नाकाचं घड्याळ बरोबर हाय."

आम्ही आज्यापासनं ख्रिस्ती. दुर्गाक्का मागाहून आलेली. तिचा नवरा यल्लाप्पा बाजारात पोती उचलायचा. त्याला छातीचा रोग झाला तेव्हा सोयरे दारातनंच विचारपूस करून जायला लागले. घरात पाऊल नाही, पाण्याला हात नाही. त्या दिवसांत आमच्या मंडळीतल्या दोन म्हाताऱ्या रोज दुपारी तिच्याकडं जायच्या. प्रार्थना दोन मिनिटांची करायच्या आणि मग बसून तिच्या चुलीवरची भाकरी मोडून खायच्या. यल्लाप्पा गेला. वर्षभरानं दुर्गाक्का बाप्तिस्म्याला उभी राहिली. तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, तुम्हाला प्रभूची ओळख कशी झाली? लोक अशा वेळी स्वप्नं सांगतात, उजेड दिसला म्हणतात. ही म्हणाली, "त्या दोघी माझ्या घरात जेवल्या." पाळक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य नव्हतं.

नवीन नाव घ्या, बायबलातलं दोर्का घ्या, असंही त्यांनी सुचवलं. तर म्हणे, "वखारीत हजेरी दुर्गाबाईच्या नावावर हाय. दोर्का कामाला आली असं मुकादमाला कोण सांगणार?"

त्या दोन म्हाताऱ्या आता दफनभूमीत आहेत. त्यांच्यानंतर दुर्गाक्काच्या घरी मंडळी गेली नाही असं नाही. आजारपणात गेली, नाताळात गाणी म्हणत गेली. पण उंबऱ्यात उभं राहून गाणं म्हणायचं, आणि चहा ठेवते म्हटली की "आत्ताच झाला" म्हणायचं. मी स्वतः शेजारी असून किती वेळा म्हणालो असेन. वास नाकात बसतो हो. चहालाही तंबाखूची चव लागते असं मी एकदा चर्चच्या हॉलमध्ये नक्कल करून दाखवलं होतं, कपबशी धरून शिंकत शिंकत. सगळे लई हसले होते.

गेल्या वर्षी बेळगावहून नवे पास्टर आले. अतुल त्यांचं नाव, वय तिशीच्या आतलं. त्यांनी नव्या वर्षात पहिल्या मंडळीवर शिकवण सुरू केली. येशूनंतरचे पहिले विश्वासी कसे राहत होते, तर चर्च बांधलेलं नव्हतं, लाऊडस्पीकर नव्हता, आळीपाळीनं एकमेकांच्या घरी जाऊन ते भाकर मोडत आणि साध्या मनानं जेवत. पास्टर म्हणाले, आपण नुसतं ऐकायचं की करून बघायचं? आठ रविवार, आठ घरं. उपासना झाली की सगळी मंडळी एका घरी जेवेल.

सगळ्यांना पटलं. नावं द्या म्हटल्यावर हात वर झाले. सात हात ओळखीचे होते. आठवा शेवटच्या बाकावरनं आला, चाळणीनं घट्टे पडलेला. दुर्गाक्का उभी राहून म्हणाली, "शेवटला आयतवार मला द्या. मला तयारीला येळ लागंल."

नावं मी लिहून घेतली. लिहायचं असलं की मंडळीत मलाच बोलावतात.

पहिल्या रविवारी उप्पीट आणि ताक होतं आणि खरंच बरं वाटलं. दुसऱ्या घरानं उप्पिटाबरोबर शिरा केला. तिसऱ्या घरानं दुसऱ्या घराचा शिरा बघितलेला होता, त्यांनी पुऱ्या लाटल्या. चौथ्याकडं बासुंदी. पाचव्या घरी मांडव, खुर्च्या आणि टोप्या घातलेले वाढपी. आमच्या चर्चचे सगळ्यांत थोरले पंच, निवृत्त हेडमास्तर किशन सर, त्यांचं सहावं घर. त्यांच्या मनिषाबाईंनी निपाणीत मिळत नाही म्हणून कोल्हापूरहून काहीतरी मागवलं, त्याचं नाव माझ्या अजून जिभेवर बसलेलं नाही. पहिल्या मंडळीची गोष्ट निघणं तोवर बंद झालं होतं. कुणाकडं काय होतं, एवढंच निघत होतं.

त्याच आठवड्यात सरांच्या ओसरीवर पंचकमिटी बसली. पास्टर बेळगावला गेले होते. विषय आठव्या घराचा.

खरं सांगतो, तिथं दुर्गाक्काविषयी कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. एक म्हणाला, बिचारीवर ओझं नको. दुसरा म्हणाला, दहा बाय दहाची खोली, चाळीस माणसं, तिचीच धांदल होईल. मनिषाबाई म्हणाल्या, "मला दम्याचा त्रास, नाहीतर मी पहिली गेले असते." सगळ्यांनी माना हलवल्या. इतक्या मायेनं एखाद्याला वगळता येतं हे मी तिथं पाहिलं. नको असलेला विषय आला की सर कानडीत शिरतात. ते म्हणाले, "इरली बिडी. राहू दे. समारोप हॉलमध्येच करू. जेवण बाहेरनं मागवू. शामू, दुरुस्त कर यादी."

मी दुर्गाबाई या नावावर रेघ ओढली आणि वर लिहिलं, समारोप, चर्च हॉल.

"आणि तिला तूच सांग," सर म्हणाले. "शेजारीच आहेस. हसत हसत सांगशील."

भिंतीपलीकडं जायला मला पंधरा दिवस मिळाले. पहिल्या दिवशी गेलो तर ती भिंतीला चुना लावत होती. म्हणाली, "चुन्यानं वास मरतोय म्हणत्यात. खरं काय रं?" मी म्हणालो, मरतोय की. दोन दिवसांनी बघतो तर वखारीत नेसायची लुगडी तिनं बोचक्यात बांधून शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेवली होती. कामावरनं आली की गोठ्यातच कपडे बदलून मग घरात जायची. स्वरूपा मला म्हणाली, "आक्कानं पदर झटकायचं सोडलं काय हो? सहा वाजल्याचं कळंनाच." यादी बदललीय हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

सातव्या घरचं जेवण झालं आणि सोमवारी सरांनी दुकानावर गाडी थांबवून विचारलं, "सांगितलंस का?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

आता इथं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण माझी जीभ मोकळी सोडलेली. म्हणालो, "तीच नको म्हणाली, सर. म्हणाली, मला झेपायचं नाही."

सरांना बरं वाटलं. त्यांनी पास्टरना तसं कळवलं. पास्टरना वाईट वाटलं, ते भेटायला निघाले होते, पण मी म्हणालो, आत्ता नको, ती जरा नाराज आहे. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं. आणि पुनवेला ती स्टँडवर दिसली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. चहाच्या गाड्यावर कुणीतरी विचारलं, "तुमची दुर्गाबाई कुठं निघाली?" मी डोळा मारून म्हणालो, "पुनवेच्या दिवशी बाई कुठं जाती? जुनं घर आठवलं असंल." माणसं हसली. ती चर्चमधूनच गेली म्हटल्यावर आठव्या घराचा प्रश्नच उरत नव्हता.

शनिवारी सकाळी कोगनोळीची गाडी लागली आणि तिच्यातनं आधी पातेलं उतरलं. मागनं दुर्गाक्का. मी दुकानाकडं चाललो होतो, तिनं हाक मारली, "शामू, धर बाबा एक कान."

पातेल्याचा एक कान तिनं धरला, एक मी. बाजारपेठेतनं आम्ही ते गल्लीपर्यंत आणलं. वाटेत ती बोलत होती. बहिणीनं पातेलं द्यायला दोन दिवस कसे लावले. चाळीस माणसांना किती मसूर लागेल. भाकरी गरम पाहिजेत म्हणून उद्या उपासनेला येणार नाही, पास्टरना सांग, देव समजून घेईल. मध्येच थांबून म्हणाली, "मनिषाबाईस्नी दमा हाय. त्यांना दाराजवळ वाऱ्याला बसवू, व्हय?"

मी म्हणालो, व्हय. पातेलं चुलीपाशी ठेवलं आणि हात पुसून दुकानावर गेलो.

रविवार आला. उपासनेला सगळे होते. हॉलमधनं मसालेभाताचा वास येत होता. पास्टर शेवटच्या शिकवणीला उभे राहिले आणि म्हणाले, सात आठवडे मी तुम्हाला पहिल्या मंडळीचं चांगलं तेवढं सांगितलं, आज दुसरी बाजू सांगतो. करिंथ नावाच्या शहरातली मंडळी. तिथंही सगळे मिळून प्रभूच्या नावानं जेवायचे. पण ज्यांच्याकडं फुरसत होती ते लवकर यायचे आणि आपलं आणलेलं आपण खायचे. दिवसभर राबून येणारे उशिरा पोचायचे, तर भांडी रिकामी. एकाचं पोट तडस लागेपर्यंत भरलेलं आणि त्याच्या शेजारी दुसरा उपाशी, आणि दोघं एकच प्रार्थना म्हणतायत. पहिल्या मंडळ्या उभ्या करणाऱ्या प्रेषित पौलाला हे कळल्यावर त्यानं त्यांना पत्र लिहिलं. तुम्ही जे जेवताय ते प्रभूचं भोजन नव्हेच, असं स्पष्ट लिहिलं. ज्यांच्याकडं काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असं विचारलं.

मी बाकावरच्या गाण्यांच्या पुस्तकाची पानं चाळत राहिलो.

मग पास्टर म्हणाले, "आज आपण दुर्गाबाईंच्या घरी जाणार होतो. त्यांना जमणार नाही असं कळलं. आणि त्या विश्वासातून मागं गेल्या असंही कुणीकुणी सांगतं. खरं-खोटं देव जाणे. पण आपली बहीण आहे ती. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू."

चाळीस माणसांनी डोळे मिटले. पास्टरांचा आवाज ओला झाला होता. हे प्रभू, तुझ्या या हरवलेल्या लेकीला परत आण. तिच्या मनातला अंधार काढ. पलीकडच्या बाकावर मनिषाबाई खरंच मुसमुसायला लागल्या. किशन सर "होय प्रभू, होय प्रभू" म्हणत होते. माझी बायको, पुनवेला माहेरी गेलेली आणि आज तिथनं थेट उपासनेला आलेली, माझ्या शेजारी डोळे मिटून पुटपुटत होती. आणि मला ठाऊक होतं की अंधारातली ती लेक इथनं दहा मिनिटांच्या वाटेवर चुलीपुढं बसलीय, यांच्यासाठी भाकरी थापतेय, आणि मनिषाबाईंची जागा दाराजवळ ठेवलीय.

आयुष्यात मी पुष्कळांच्या नकला केल्या, पुष्कळांना उगाच नावं ठेवली. लाज अशी कधी वाटली नव्हती. सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडातनं आमेन येईना.

"पास्टर," मी उभा राहिलो. "तिनं नको म्हटलेलं नाही."

सगळे बघायला लागले. लोकांना वाटलं याचा काहीतरी विनोद असणार, दोघं-तिघं आधीच हसायच्या तयारीत होते. मी सांगत गेलो. रेघ ओढली, सांगितलं नाही, खोटं बोललो, चहाच्या गाड्यावरचं, पातेल्याचा कान. एवढं बोलायला मला फार वेळ लागला नाही. सर एकदा "इरली बिडी" म्हणाले, पण अगदी हळू, आणि मग त्यांनी खाली मान घातली. कमिटीतल्या कुणाचीच मान वर नव्हती. स्वरूपा माझ्यापासनं बाकावर वीतभर सरकून बसली.

पास्टर सरळ चपला घालायला गेले. त्यांच्या मागं मनिषाबाई उठल्या. हॉलमधला वाढपी झाकणं उघडून उभा होता, त्याला कुणीतरी म्हणालं, झाक बाबा, आम्ही दुसरीकडं जेवायला निघालोय.

रविवारचे कपडे घातलेली चाळीस माणसं निपाणीच्या बाजारातनं गप्प चालली होती. कुणी मयताला निघालंय असं दुकानदारांना वाटलं असेल. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर दुर्गाक्का दारात, पदरानं तोंड पुसत. आम्हाला बघून म्हणाली, "लई लांबली उपासना? भाकऱ्या गार पडाय लागल्यात. बसा बसा."

गल्लीत पोती अंथरलेली होती. धुतलेली, पण तंबाखूचीच. खोलीत म्हातारी माणसं बसली, बाकीची रांगेनं बाहेर. मनिषाबाईंना तिनं हाताला धरून दाराजवळ नेलं. त्या म्हणाल्या, मी आतच बसते. आत बसल्या, चुलीजवळ. खोकल्या एकदोनदा आणि जेवत राहिल्या. मसुराची आमटी, जोंधळ्याची भाकरी, संकेश्वरी मिरचीचा खर्डा, कांदा. आमटीला तंबाखूचा जरासुद्धा वास नव्हता. पंधरा दिवस तिनं तो घासून काढला होता. वास आला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

दुर्गाक्काला वाटलं खर्डा तिखट झाला म्हणून माणसं गप्प आहेत. ती दोनदा गूळ वाढून गेली.

जेवणं झाली. मंडळी पांगली. पास्टर जाताना माझ्याकडं बघून थांबले, तेवढ्यात मला समजलं की मंडळीपुढं बोललो तो सोपा भाग होता. दुर्गाक्का मोरीपाशी बसून पातेलं घासत होती. मी समोर बसलो, राखेची वाटी जवळ ओढली आणि सांगितलं. सगळं. चहाच्या कपबशीच्या नकलेपासनं.

ती घासत राहिली. मग विचारलं, "कवापासनं ठाऊक हुतं तुला?"

"पंधरा दिवस."

"भिंतीला चुना लावत हुते तवा?"

"तवा बी."

"पातेलं धरून आलास तवा?"

"व्हय, आक्का."

तिनं पातेलं उपडं केलं, बूड घासायला घेतलं. एकदा तिनं दंडानं डोळे पुसले. राख उडाली असेल असं म्हणायची मला सवय आहे, पण राख उडालेली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांच्यातनं वाट काढली असती. तिनं शिव्या दिल्या नाहीत, आणि असू दे असंही म्हणाली नाही.

गप्प बसणं मला जमत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आक्का, आठ आठवडं खटपट केली, पर पहिल्या मंडळीसारखं आमास्नी काय जमलं न्हाय."

दुर्गाक्कानं मान वर केली. बावीस वर्षं शेवटच्या बाकावरनं तिनं पौलाची पत्रं ऐकलेली होती. म्हणाली, "जमलं की. त्यांच्यात बी भरल्या पोटाची आधी जेवत हुती, आनि कुणीतरी तुझ्यासारखा यादी लिवत बसला हुता. न्हायतर पौलाला पत्र लिवायची येळ कशाला आली असती?"